दुःख सांगायची शिकवणी

आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, चारचौघांत माझ्या नोकरीची ओळख करून देताना म्हणायचे, "ही लोकांना रडायला शिकवते आणि वर पगार घेते." इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत यावर हमखास हशा पिकायचा. मीही हसायचे, कारण वाक्य फारसं चुकीचं नव्हतं. फक्त रडणाऱ्यांना माझी गरज कमी होती. ते आमच्याकडे पुष्कळ यायचे आणि त्यांची कामं बहुधा लवकर व्हायची. मला पिदवलं ते हसणाऱ्यांनी.

नॉटिंगहॅममध्ये एका जुन्या चर्चच्या हॉलवर आमचं सल्ला केंद्र होतं. खाली टॉडलर ग्रुपची पोरं किंचाळायची आणि वर आम्ही दोघीतिघी, एक केटल आणि कायम बिघडलेलं हीटिंग. जिना चढायला अवघड होता. ज्यांना जिना चढवत नाही अशाच लोकांसाठी ते केंद्र होतं, पण जागा फुकट मिळाली होती, त्यामुळे कुणी बोलायचं नाही. मी गेल्या वर्षी निवृत्त झाले.

काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आजारपणामुळे रोजचं जगणं अवघड झालेल्या माणसाला या देशात सरकारी भत्ता मिळू शकतो. तो आजाराच्या नावाला मिळत नाही, तर आजारामुळे काय करता येत नाही त्याला मिळतो. अर्ज केला की एक तपासनीस येऊन भेटतो किंवा फोन करतो. तुम्ही आंघोळ कशी करता, जेवण कसं करता, किती चालता हे विचारतो, तुमचं उठणं-बसणं बघतो आणि अहवाल लिहितो. त्यावर गुण ठरतात. परीक्षा उलटी आहे, जितकं येत नाही तितके मार्क जास्त. मार्क कमी पडले तर अपील करता येतं. तिथे समोर तिघे असतात, एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्व जवळून पाहिलेली एक व्यक्ती. मी वकील नव्हे. अपील करणाऱ्याची तयारी करून घ्यायची आणि त्या दिवशी त्याच्या शेजारी बसायचं, एवढंच माझं काम. "मला संधिवात आहे" हे वाक्य तिथे बिनकामाचं. "सकाळी मला ब्लाउजची हुकं लावता येत नाहीत" हे कामाचं.

बाहेरच्यांना वाटतं की लोक वाढवून सांगत असतील. तसे दोन-चार भेटले, नाही म्हणत नाही. पण बहुतेकांच्या तोंडून दुःख काढणं म्हणजे नारळ नखाने सोलण्यासारखं होतं. इंग्रज माणसाला आपलं दुःख सांगणाऱ्याची विलक्षण चीड आहे. त्यासाठी त्यांनी भाषेत केवढी तजवीज करून ठेवली आहे ते मला मोरीनने शिकवलं. मोरीन माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. कामाला अत्यंत चोख, तोंडाने तिखट. एकदा एक बाई तिच्यासमोर तासभर रडून गेली. दार लागल्यावर मोरीन म्हणाली, "माय हार्ट ब्लीड्स." मी नवीन होते. मी गंभीरपणे म्हटलं, "हो ना, बिचारी." मोरीन माझ्याकडे बघतच राहिली.

मग तिने मला एकेक समजावलं. काळजातून रक्त येतंय म्हणायचं म्हणजे काळजाला काही झालेलं नाही. 'क्राय मी अ रिव्हर', म्हणजे रड बाई, नदी वाहू दे, मला काय त्याचं. पडलेल्या बाळाला चुचकारायचा 'डिडम्स' हा शब्द मोठ्या माणसाला म्हटला की तो सगळ्यात जास्त झोंबतो. आणि सर्वांत वर व्हायोलिन. सिनेमात करुण प्रसंग आला की मागे व्हायोलिन वाजतं ना, ते. समोरचा तक्रार करू लागला की अंगठ्यावर तर्जनी घासायची आणि म्हणायचं, हे बघ, जगातलं सगळ्यात छोटं व्हायोलिन, खास तुझ्यासाठी वाजतंय. आपल्याकडे काही कमी नाही. आपण 'रडतराऊत' म्हणतो, 'गळा काढला' म्हणतो, 'झालं याचं रडगाणं सुरू' म्हणतो. पण आपण ते फणकाऱ्याने म्हणतो, हे लोक हसतमुखाने म्हणतात. मी मूळची नागपूरची, लग्न पुण्यात. तिरकस बोलणं मला नवीन नव्हतं, तरी मला ते बाधलं. मोरीनचा मात्र राग नाही. दिवसभर लोकांची दुःखं ऐकायची तर बाईने कशाच्या जोरावर ऐकावीत? आणि ज्या बाईला ती हसली, तिचं अपील तिने पुढच्या आठवड्यात जीव तोडून लढवलं.

रॉय नावाचा एक जुना खाणकामगार यायचा. फुप्फुसं कामातून गेलेली. जिना चढून आला की खुर्चीत बसून बराच वेळ नुसता हात वर करायचा, म्हणजे थांबा, बोलतो. इकडे प्रेमाने सगळ्यांनाच 'डक' म्हणतात. तो म्हणायचा, "डोन्ट गेट द व्हायोलिन्स आउट, डक, पण हल्ली मी खुर्चीतच झोपतो." दुसऱ्या दिवशी, "बू हू, पुअर ओल्ड रॉय, शेजारीण माझ्या बुटांच्या नाड्या बांधते." मग माझ्या लक्षात आलं की या लोकांनी सगळ्यांत जास्त वेळा व्हायोलिन वाजवलेलं असतं ते स्वतःवर. दुसऱ्याने हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं. आणि ते हसून झालं की लगेच पुढचं वाक्य खरं असतं. तेवढं एक वाक्य. ते निसटलं की पुन्हा हवापाण्याच्या गप्पा. तेव्हापासून कुणी व्हायोलिनचं नाव काढलं की मी पेन उचलायचे. माझ्या धंद्यातलं हे एवढंच गुपित, आणि ते मी स्वतः शोधून काढलं याचा मला अजून अभिमान आहे.

रॉयला भत्ता मिळाला. फार दिवस घेता आला नाही.

आता खेडकरांचं सांगते. हे सांगायचं म्हणूनच मी लिहायला बसले. नावं बदलली आहेत, आणि शैलावहिनींना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, "लिहा की. झालं ते झालं."

दत्ताभाऊ खेडकर मूळचे सांगलीकडचे. इथे आयुष्यभर बस चालवली. डेपोच्या कँटीनमध्ये टिकायचं तर चेष्टा करता यायला हवी आणि सोसताही यायला हवी. भाऊ दोन्हींत पटाईत झाले. मंडळात त्यांच्यासारखा गप्पिष्ट माणूस नाही. शैलावहिनी एका शाळेच्या किचनमध्ये कामाला होत्या. मोठी पातेली उचलवेनात म्हणून त्यांनी काम सोडलं आणि सगळ्यांना सांगितलं की कंटाळा आला. पेन्शनला अजून काही वर्षं होती. मुलगा स्लाऊला, आयटीत, त्याच्या व्यापात.

गणपतीच्या जेवणात मी वहिनींना पाहिलं. पाण्याचा पेला त्या दोन्ही तळव्यांत दाबून उचलत होत्या, बोटं न वापरता. मी शेजारी जाऊन बसले आणि हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "काही नाही हो, थंडीचं होतं थोडं." ऑगस्ट महिना होता.

पुढे त्या केंद्रात आल्या, एकट्या, भाऊ बोल्स खेळायला, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायला, गेले होते तेव्हा. संधिवाताचं निदान होऊन बरीच वर्षं झाली होती. गोळ्या चालू होत्या, पण हात सकाळी मिटत नव्हते. भत्ता मिळाला तर सकाळी मदतीला एक बाई ठेवता येईल आणि हॉस्पिटलला टॅक्सीने जाता येईल, एवढा त्यांचा हिशेब होता. मी विचारलं, "भाऊंना सांगितलंय ना हे सगळं?"

"दुखतंय म्हणलं की ते असं करतात," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी सुजलेल्या अंगठ्यावर तर्जनी घासून दाखवली. "आणि म्हणतात, थांब, सनई-चौघडा पण बोलावतो. स्वभाव आहे त्यांचा. मनाने वाईट नाहीत. मग मीच बोलायचं बंद केलं. रोज उठून कशाला?"

इंग्रजांचं व्हायोलिन सांगलीच्या संसारात असं शिरलं होतं. मला भाऊंचा राग आला आणि तो मी गिळला.

अर्ज गेला. तपासणीसाठी बाई घरी येणार, तीही भाऊ बोल्सला जातात त्या वेळी, असं कळलं, तेव्हा मी वहिनींना बसवून सांगितलं, "घर आवरू नका. नवी साडी नेसू नका. उठू नका. काही करू नका. चहासुद्धा नाही. ती पाहुणी नाही, ती काम करायला येतेय. तुमचा रोजचा दिवस तिला दिसू द्या." वहिनींनी मान डोलावली. दोनदा विचारलं, दोनदा डोलावली.

तपासणीनंतर वहिनींचा फोन आला, खुशीत. "किती गोड पोरगी होती हो. आपल्या लेकीच्या वयाची. दोनदा शिरा घेतला."

"शिरा?"

"मग काय, घरी आलेल्या सवाष्णीला तशीच पाठवू? पहाटेच दोन गोळ्या जास्तीच्या घेतल्या, हात जरा सैल झाला. जाताना तिला हळदीकुंकू लावलं. तिला फार आवडलं."

मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. मोरीनने विचारलं काय झालं. मी तिला सांगितलं. एरवी ती काहीतरी बोलली असती, त्या दिवशी तिने नुसता चहा करून आणला.

त्या मुलीला दोष देता येणार नाही. तिने जे पाहिलं ते लिहिलं. घर नीटनेटकं, पेहराव व्यवस्थित, वागणं प्रसन्न. ताजा पदार्थ स्वतः शिजवला होता. आधार न घेता उठल्या. कुंकू लावायला हात तपासनिसाच्या कपाळापर्यंत सहज नेला. त्या अहवालात एकही शब्द खोटा नव्हता. वहिनींना एकही मार्क मिळाला नाही. फेरविचार मागितला, तोही नाकारला गेला. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ मिटतच नव्हती म्हणून तर भत्ता मागितला होता, आणि आम्ही ती झाकून पाठवली.

अपिलाच्या वेळी सगळं घरी सांगावंच लागलं, कारण भाऊ साक्षीला हवे होते. एका घरात राहणारा माणूस हा सर्वांत मोठा साक्षीदार. आता आमच्या धंद्यात एक नियम आहे आणि तो मी कधी मोडला नाही. अपील करणाऱ्याला आठवण करून द्यायची, पण साक्षीदाराला पढवायचं नाही. मी भाऊंना इतकंच म्हटलं, "विचारतील ते खरं सांगा."

"खोटं कशाला सांगू? मी पण कोर्टात गेलोय, बसच्या ॲक्सिडेंटला," भाऊ म्हणाले. "आणि ही काय एवढी आजारी दिसते का तुम्हाला? डॉक्टर पण आजकाल काहीही नावं देतात." वहिनी शेजारी बसून चहाच्या कपाकडे बघत होत्या.

सुनावणीची खोली साधी होती, एक लांब टेबल आणि पाण्याचा जग. दुभाषा हवा का विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, "नो, नो, आय मॅनेज." न्यायाधीश बाई पिकल्या केसांच्या, आवाज मऊ. त्यांनी विचारलं, कशा आहात. वहिनी म्हणाल्या, "फाइन, थँक यू." मी टेबलाखाली त्यांच्या पायाला पाय लावला.

सुरुवात वाईट झाली. स्वयंपाक करता का, करते. आंघोळ, करते. चालता का, हळूहळू चालते. मग न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मिसेस खेडकर, तुमचे केस छान कापलेत. पहिल्यापासून आखूड आहेत?"

 वहिनी इंग्रजीतच, तुटक तुटक, पण स्पष्ट म्हणाल्या, "नो. लाँग होते. वेणी घालता येत नव्हती. हात मागे जात नाही. म्हणून कापले. घरी सांगितलं, फॅशन."

मला हे माहीत नव्हतं. वहिनींचा बॉब आम्ही सगळ्यांनी मंडळात पाहिला होता. भाऊ त्यावर कितीतरी दिवस 'आमच्या मॅडम' म्हणून चेष्टा करत होते आणि आम्ही हसलो होतो. आता ते वाक्य निघाल्यावर पुढची आपोआप निघू लागली. हुकं लागत नाहीत, म्हणून गळ्यातून घालायचे कपडे. नळ कोपराने फिरवते. भाऊ बोल्सला गेल्यावर आंघोळ, कारण टबमधून बाहेर यायला फार वेळ लागतो आणि आवाज होतो. पोळ्या फ्रोझन, पण डब्यात काढून ठेवते. शिऱ्याला रवा भाजताना कालथा दोन्ही मनगटांत धरला होता. मी नुसती बसून होते. माझं सगळं शिकवणं वहिनींनी एका दमात पुरं केलं.

न्यायाधीश बाईंनी भाऊंकडे पाहिलं. "मिस्टर खेडकर, हे तुम्ही घरात पाहिलं आहे का?"

भाऊ उठून उभे राहिले. बसून बोला म्हटलं तरी उभेच. "नो, मॅडम."

"केसांबद्दल ठाऊक होतं?"

"नो, मॅडम."

"आंघोळीला किती वेळ लागतो?"

"आय डोन्ट नो."

मग डॉक्टर सदस्याने विचारलं, "त्यांना वेदना होतात असं त्या तुम्हाला कधी म्हणाल्या?"

"पूर्वी म्हणायची. मग थांबली."

"का थांबल्या, काही कल्पना?"

भाऊ इकडेतिकडे बघायला लागले.  शेवटी म्हणाले, "आय मेड जोक्स, सर."

"कसले?"

भाऊंचा उजवा हात उचलला गेला, अंगठा आणि तर्जनी जवळ आली, आणि मग त्यांनी तो हात झटकन डाव्या हातात पकडून ठेवला. डॉक्टरांना कळलं असावं. त्यांनी कागदांकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

आम्हाला बाहेर बसवलं. भाऊ एका कडेला, वहिनी मध्ये, मी दुसऱ्या कडेला. भाऊंनी वहिनींचा हात हातात घेतला होता, घट्ट.  मला मनातून वाटत होतं की आपण जिंकलो, कारण इतकं खरं बोलणं मी त्या खोलीत क्वचित ऐकलं होतं.

आम्ही हरलो. काही मार्क मिळाले, पण पुरेसे नाहीत. न्यायाधीश बाईंनी समजावून सांगितलं की मिसेस खेडकर प्रामाणिक आहेत याबद्दल आम्हाला शंका नाही. परंतु तपासनिसाने पाहिलेलं वेगळं आहे, आणि त्याच घरात राहणाऱ्या पतीने यातलं काही पाहिलेलं नाही. बहुतेक दिवशी असं घडतं, हे पुराव्याने दिसायला हवं. ते दिसलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "आमची तुम्हाला मनापासून सहानुभूती आहे." त्यांच्या बोलण्यात तिरकसपणाचा लवलेशही नव्हता. मला त्या वेळी वाटलं, यापेक्षा मोरीनचं 'माय हार्ट ब्लीड्स' परवडलं असतं. भाऊ खरं बोलले म्हणून बायकोची केस गेली. ते खोटं बोलले असते तर बहुतेक जिंकलो असतो, आणि त्यांना खोटं बोला असं मी सांगू शकत नव्हते. या नोकरीत मी बऱ्याच केसेस हरले. ही एकच अजून छातीवर बसलेली आहे.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी म्हटलं, "नव्याने अर्ज करता येतो, वहिनी. आता भाऊंनाही माहीत आहे. पुढच्या वेळी..."

"नको," वहिनी म्हणाल्या. "दमले मी. परत ते सगळं लोकांपुढे नको."

"करायचा अर्ज," भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे पाठ करून ते वहिनींना म्हणाले, "आणखी काय आहे, शैला?"

"कशाचं?"

"अजून काय काय होत नाही तुला? जे आत नाही बोललीस ते."

वहिनींनी त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं. हा माणूस आता काय बोलणार, असं बघतात तसं.  मग वहिनी एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "हात धरता ना तुम्ही, बाहेर पडलं की. रस्ता ओलांडताना. तेव्हा फार दुखतं."

भाऊंनी खाली पाहिलं. वहिनींचा हात अजून त्यांच्याच हातात होता. त्यांनी तो सोडला, एकेक बोट उघडत.

बाहेर पाऊस नव्हता, पण गार होतं. मी बसस्टॉपकडे वळले आणि ते दोघं समोरच्या क्रॉसिंगपाशी थांबले. हिरवा दिवा लागल्यावर वहिनी पुढे निघाल्या. भाऊ त्यांच्या बाजूने चालत होते, एक हात त्यांच्या पाठीमागे धरून, कुठेही न टेकवता, पोराला सायकल शिकवताना धरतात तसा.